न्यूज पोर्टल पारखताना या चुका टाळा

दर रविवारी मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना चालू घडामोडी शिकवतो. पहिल्याच तासाला कोणीतरी म्हणतंच, "सर, भरवशाच्या पोर्टलांची यादीच देऊन द्या ना." मी यादी देत नाही. संपादक बदलतो, मालक बदलतो, निवडणूक तोंडावर येते आणि कालचं सरळ पोर्टल आज वाकडं चालायला लागतं. पारखायचा कंटाळा असलेल्या पोराला यादी देणं म्हणजे त्याचं नुकसान करणं.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे झुकाव आणि खोटेपणा एकच मानणं. 'ते अमक्या पक्षाचं आहे, म्हणजे खोटंच लिहिणार.' याची उलटी बाजू मला जास्त घातक वाटते: 'हे आपल्या विचारांचं आहे, म्हणजे खरंच असणार.' ही चूक मी केली आणि ती घरच्यांना भोवली.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. रात्री चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता. अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. माझी बहीण त्याच भागात, पहिल्या मजल्यावर राहते. मी कित्येक वर्षं वाचत असलेल्या, माझ्या राजकीय मतांशी जुळणाऱ्या एका पोर्टलवर मथळा झळकला: 'अंबाझरीचा बांध फुटला'. खालची बातमी मी उघडलीच नाही. बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता घर सोडा. भाऊजी आणि त्यांची सत्तरीतली आई अंधारात कमरेएवढ्या पाण्यात उतरले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आजींचा पाय घसरला, मनगट मोडलं. बांध फुटलेला नव्हता. ते लोक वरच थांबले असते तर काहीच झालं नसतं.

नंतर मी त्या पहाटेच्या बातम्या एकेक करून पाहिल्या. ज्या पोर्टलचं नाव काढलं तरी मी मान फिरवायचो, तिथे सरळ लिहिलं होतं की तलाव ओव्हरफ्लो झाला आहे. माहिती कोणी दिली आणि किती वाजता दिली, हेही होतं. माझ्या आवडत्या पोर्टलने दुपारी मथळा गुपचूप बदलला. दुरुस्तीची एक ओळसुद्धा खाली टाकली नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पोर्टलला दोन रकाने आहेत, झुकाव आणि अचूकता. एकाचे गुण मी दुसऱ्यात धरत नाही.

अचूकतेसाठी दोन-तीन महिने जुन्या दहा बातम्या काढतो. ताज्या नाही, कारण ताज्या बातमीचं खरं-खोटं अजून ठरायचं असतं. ज्यांच्यात आकडा, आदेश किंवा निर्णय आहे, अशाच घेतो आणि मूळ कागदाशी ताडून पाहतो. 'मंजुरी मिळाली' लिहिलं असेल तर शासन निर्णय निघाला का, ते महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर पाहतो. सभागृहातली घोषणा, प्रशासकीय मान्यता आणि प्रत्यक्ष निधी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. घाईतलं पोर्टल पहिल्याच पायरीवर रस्ता बांधून मोकळं होतं. 'नागपूर खंडपीठाने फटकारले' असा मथळा असेल तर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून आदेश उतरवून वाचतो. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात आणि लेखी आदेशात जे उतरतं, त्यात पुष्कळ अंतर असू शकतं. बातमीने ते अंतर सांगितलं की नाही, एवढं मी पाहतो. पोरं म्हणतात, "सर, एवढा वेळ कोणाकडे आहे?" अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पोर्टल पुढे रोज वाचायचं आहे.

झुकाव एका बातमीवरून ठरवू नका. एक स्क्रीनशॉट काढून 'बघा, विकले गेले' म्हणणारे मला अजिबात पटत नाहीत. झुकाव पारखायला नागपूरचं हिवाळी अधिवेशन उत्तम. यशवंत स्टेडियमवरून निघालेला एकच मोर्चा तीन पोर्टलांवर वाचा. एकाकडे 'आंदोलक' असतात, दुसऱ्याकडे 'जमाव'. एकाचा नेता 'स्पष्ट करतो', दुसऱ्याचा 'दावा करतो'. गर्दीचा आकडा आयोजकांचा की पोलिसांचा, ते लिहिलंय का? मग पुढचे पंधरा दिवस त्या पोर्टलने काय छापलंच नाही, ते बघा. झुकाव सगळ्यांत जास्त तिथेच सापडतो.

माध्यमांना डावं-उजवं ठरवणारे अमेरिकेतले तक्ते इथे जसेच्या तसे लावू नका. पक्षांच्या बाबतीत समतोल असलेलं पोर्टल अनुशेष, कापूस किंवा वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की ठामपणे एका बाजूला उभं राहू शकतं. १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेलं हे भांडण कुठल्याही डाव्या-उजव्या पट्टीत बसत नाही.

मालक कोण, हे न पाहणं ही आणखी एक चूक. 'लोकमत' १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक झाला तो जवाहरलाल दर्डांमुळे, आणि ते काँग्रेसचे. 'हितवाद' १९११ चा, गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचा; पुढे तो बनवारीलाल पुरोहितांकडे आला, जे नागपूरचे खासदार आधी काँग्रेसकडून आणि नंतर भाजपकडून होते. एवढ्यावरून बातमी खोटी ठरत नाही. कुठल्या विषयावर जास्त बारकाईने वाचायचं, ते कळतं. छापील वर्तमानपत्रांचं हे सगळं जगजाहीर आहे. पोर्टलवर 'आमच्याविषयी'मध्ये मालकाचं नावच नसेल तर मी पुढे वाचत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनंतर बरीच पोर्टलं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देतात, तेही शोधा.

नावात 'सत्य' किंवा 'निर्भीड' असणं, निळी टिक, लाखो फॉलोअर: शून्य गुण.

फॅक्टचेक वाचताना वरचा 'खोटे' हा शिक्का पाहून परतू नका, खाली दिलेला पुरावा उघडा. पीआयबी फॅक्ट चेक हा केंद्र सरकारचाच विभाग आहे, त्यामुळे तिथलं उत्तर सरकारची बाजू म्हणून वाचा.

त्या पहाटेच्या मथळ्याबद्दल मी पोर्टलला दोनदा मेल केला. उत्तर आलं नाही. बातमी अजून तिथेच आहे, बदललेल्या मथळ्यासह. मी ते पोर्टल आजही वाचतो, लेखांसाठी. पावसाळ्यात तिथली बातमी मात्र कोणाला पुढे पाठवत नाही.