नाजूक रेषांचा टंक मोठ्या आकारातच वापरावा

इटलीतील पार्मा येथील मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसमधील मुद्रकांचे दिदो घराणे यांनी रूढ केलेल्या टंकाच्या (फाँटच्या) वळणात अक्षरांचे उभे दांडे भरदार, तर आडव्या रेषा केसाइतक्या बारीक असतात. मासिकांच्या मुखपृष्ठांवरचा आणि उंची वस्तूंच्या वेष्टनांवरचा डौल जाड-बारीक रेषांच्या याच विरोधातून येतो. मात्र हाच टंक १० पॉइंटांत मजकुरासाठी लावला, की कॅपिटल ‘एच’मधली आडवी रेषा विरून जाते आणि डोळ्यांना दोन सुटे खांब तेवढे दिसतात. म्हणून तो शीर्षकापुरता, माझ्या मते ३६ पॉइंट किंवा त्याहून मोठा ठेवावा आणि मजकुरासाठी सौम्य विरोधाचा टंक निवडावा. त्याच फाँटचे लहान आकारांसाठी जाड रेषांचे वेगळे रूप उपलब्ध असेल, तर उपशीर्षकांना ते वापरावे.

खरी कसोटी गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना लागते. पार्श्वभूमी चार शाईंच्या मिश्रणाची असेल, तर एखाद्या शाईचा ठसा किंचित सरकला तरी बारीक रेषा बुजते. शक्य तिथे एकाच शाईची पार्श्वभूमी घ्यावी. पडद्यावर मोठे करून पाहिलेल्या अक्षरांवर विसंबू नये. प्रत्यक्ष आकारातील प्रूफ (छपाईचा नमुना) अंतिम छपाईच्याच कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचावे.