भंडारदऱ्याच्या पाण्यात उतरण्याआधी

सगळ्यात आधी परवानगी, कारण ती नसेल तर पुढची तयारी करायचं कारणच उरत नाही. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याच्या बाजूला आणि जिथे मनाईचा फलक आहे तिथे उतरायचं नाही, मग समोर दहा पोरं डुंबत असली तरी. बाकी काठाचं शेंडी गावात किंवा रतनवाडीच्या वाटेवर ज्यांच्याकडे मुक्काम असेल त्यांना विचारा. ‘पोहता येतं का’ असं विचारलंत तर ‘येतं की’ असंच उत्तर मिळेल. ‘तुमची पोरं कुठे उतरतात आणि कुठे उतरत नाहीत’ असं विचारा. त्यातला दुसरा भाग जास्त कामाचा.

मग महिना. जून ते सप्टेंबर सरळ काट मारा. रतनगड-घाटघरकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा प्रत्येक ओढा माती, फांद्या, कधी अख्खं झाड घेऊन जलाशयात येतो. कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. 15 ऑगस्टच्या आगेमागे धरण भरावं ही तिकडची जुनी अपेक्षा, आणि भरलं की विसर्ग सुरू. तो बघायला जरूर जा, पण रस्त्यावरून. ऑक्टोबरात पाणी निवळायला लागतं. माझ्या मते नोव्हेंबर, आणि मग फेब्रुवारी-मार्च, हे इथे पोहण्याचे खरे महिने.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर गरम कपड्यांची पिशवी पोहण्याच्या सामानाइतकीच महत्त्वाची. त्या दिवसांत पहाटे हवा दहा अंशांच्या आसपास उतरते, पण एवढं मोठं पाणी हवेच्या वेगाने थंड होत नाही. वरचा थर विशीच्या थोडा वर असतो, म्हणून सकाळी पाण्यावर वाफ दिसते आणि पाय घातला की चक्क कोमट वाटतं. फसगत इथेच होते. पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीसेक पट वेगाने ओढून घेतं. शहरातल्या पोहण्याच्या तलावाच्या सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत तासभर पोहणारा माणूस इथे वीस मिनिटांत कुडकुडायला लागू शकतो, आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगाला वारा लागतो तो वेगळाच. तेव्हा सूर्य डोंगराच्या वर येऊन ऊन पाण्यावर पसरल्याशिवाय उतरू नका. बाहेर आल्यावर आधी कोरडं व्हायचं, टोपी घालायची, चहा नंतर. बोटांनी टॉवेलची गाठ सुटेना किंवा बोलताना जीभ अडखळायला लागली, की त्या माणसाचं पोहणं त्या दिवसापुरतं संपलं. तो ‘मी ठीक आहे’ म्हणणारच, ऐकायचं नाही.

एप्रिल-मेचा प्रश्न उलटा. वरचं पाणी तिशीला टेकतं, सुखद असतं, आणि गारवा खाली दडलेला असतो. ऊन वरच्याच थरात मुरतं, गरम पाणी हलकं म्हणून वरच राहतं. सूर मारून थोडं खाली गेलात की एकदम गार थर लागतो, छाती आक्रसते आणि नकळत श्वास आत ओढला जातो. नाकातोंडात पाणी जायला तेवढं पुरतं. दुपारी वारा सुटला तर तो वरचं कोमट पाणी ढकलत नेतो आणि ज्या बाजूने वारा येतो त्या काठाशी खालचं गार पाणी वर येतं; म्हणजे सकाळचं माप दुपारी चालत नाही.

त्यासाठी थर्मामीटर न्या. फिश टँकच्या दुकानात मिळतो तो साधा काचेचा पुरतो. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत दोन-तीन दगड घालून त्यात तो ठेवा, गळ्याला दोरी बांधा, दोरीला मीटरमीटरवर गाठी मारा. होडीतून किंवा काठावरच्या कातळावरून तीन गाठी खाली सोडा, पाच मिनिटं थांबा, झटकन वर ओढून आकडा वाचा. बाटलीत खालचंच पाणी असल्यामुळे तो लगेच बदलत नाही. मग वरचा आकडा घ्या. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तो 40 सेंटिमीटर खोलीवर घेतात आणि 16 ते 31 अंशांच्या बाहेर शर्यत होत नाही. ती मर्यादा कसलेल्यांची. हौशी माणसाने बाविशीच्या खाली वेळ कमी करावा, आणि वरच्या-खालच्या आकड्यांत चार अंशांचा फरक दिसला तर सूर मारायचाच नाही.

आता पातळी, आणि माझ्या लेखी यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. धरण 11,039 दलघफूचं (दशलक्ष घनफूट), पाणी शेतीचं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटलं की काठ मागे सरकतो. जानेवारीत कमरेइतक्या पाण्यात उभे होतात ती जागा मेमध्ये कोरडी असते, आणि जिथे पाणी सुरू होतं तिथे उतार, गाळ आणि जुन्या ओढ्याची घळ असते. साठ्याच्या टक्क्यांवर विसंबू नका. जलाशय वर पसरट, खाली चिंचोळा, त्यामुळे साठा निम्मा झाला म्हणजे खोली निम्मी झाली असं होत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पेपरात किंवा जलसंपदा विभागाच्या आकडेवारीत साठा बघा, आवर्तन चालू आहे का विचारा, आणि पोहोचल्यावर काठी टेकवत टेकवत चालून तळ तपासा. काठी गाळात रुतत गेली तर जागा बदला. काजव्यांसाठी मेअखेरीस-जूनमध्ये जी गर्दी होते ती नेमकी पाणी सर्वांत खाली आणि काठ सर्वांत निसरडा असताना येते. रात्री काजवे बघा, पाण्याकडे फिरकू नका.

सामान थोडकंच: प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट (पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जवळ हवंच), भडक रंगाची टोपी, शिट्टी, आणि काठावर वीस-पंचवीस मीटर दोर, टोकाला बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधलेला. ट्रकची ट्यूब आणू नका. वाऱ्याने मधोमध जाते आणि तिच्यामागे माणूस जातो. काठाला समांतर पोहायचं, मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले तर लांबून जायचं. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही, दोरावरही नाही.

कुणी बुडत असेल तर कॅन फेका, मागोमाग उडी मारू नका. बाहेर काढलेल्याचा श्वास चालू नसेल तर पोट दाबत बसू नका: आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत. 112 आणि 108 पाठ असतीलच, पण रतनवाडीकडे रेंज कुठे मिळते हे उतरण्याआधी फोन वर धरून बघून ठेवा, आणि डॉक्टर शेंडीत भेटेल की राजूरला न्यावं लागेल हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावा, आणि चावी काठावर थांबणाऱ्याकडे द्या.