ओपन स्पेसची बाग: श्रमदानातून कशी उभी करावी, उन्हाळ्यात कशी जगवावी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या खेड्याच्या कडेला ले-आउट पडला की नकाशात एक तुकडा बागेसाठी सोडलेला असतो. ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला १० टक्के जागा अशी मोकळी ठेवावी लागते. प्लॉट विकले जातात, घरं उभी होतात आणि ओपन स्पेसमध्ये गाजरगवत, बांधकामाचा मलबा अन् मोकाट ढोरं राहतात. एखाद्या पावसाळ्यात हौसेनं शंभर झाडं लागतात, फोटो निघतात, आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली पाच-सात उरतात. जिथं पारा ४५ अंशांवर जातो, तिथं बागेचा निकाल जुलैत नाही, मार्च ते जूनमध्ये लागतो. म्हणून इथं क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी कागद, मग पाणी, मग माणसं, आणि झाडं सगळ्यांत शेवटी.

फेब्रुवारी: कागद

तलाठ्याकडून जागेचा सातबारा घ्या आणि ले-आउटचा मंजूर नकाशाही मिळवा. जागा ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे हस्तांतरित झाली आहे का, ते पाहा. ती अजून मूळ मालकाच्याच नावावर असेल, तर पहिलं काम तेच. मग ग्रामसभेत, किंवा नगरपंचायत असेल तर तिच्या सभेत, ठराव घ्या. ठरावात चतुःसीमा लिहा, नळाची जोडणी व मोटरचं वीजबिल कोणाकडे ते लिहा, आणि देखभाल रहिवाशांच्या गटाकडे आहे हेही लिहा. शिक्क्याची प्रत गटाकडे ठेवा. सरपंच पाच वर्षांनी बदलतात, तोंडी परवानगी त्यांच्यासोबत जाते.

त्याच आठवड्यात जागा मोजून कोपऱ्यांवर दगड रोवा. शेजारच्या घराची पायरी किंवा गोठा दोन फूट आत आला असेल, तर कुंपणाआधीच त्या घरी जाऊन बोला. तार ओढल्यावर तोच विषय भांडणाचा होतो.

पाण्याचा हिशेब

२० गुंठ्यांच्या बागेला ४० झाडं पुष्कळ झाली. एका रोपाला १५ लिटरची एक बादली, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला ८० बादल्या, १,२०० लिटर. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण १५ आठवडे धरले तर १८,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे जवळपास चार टँकर. हा आकडा बैठकीत फळ्यावर मांडा. बोअर मे महिन्यात आटत असेल, हापशीवर आधीच रांग लागत असेल, तर ४० ऐवजी १५ झाडं लावा. पंधरा जगलेली झाडं पुढच्या वर्षी माणसं गोळा करतात. वाळलेली चाळीस पाहून कोणी फिरकत नाही.

माणसांची पाळी

‘सगळ्यांनी मिळून पाणी घालू’ असं ठरलं की तिसऱ्या आठवड्यात कोणीच येत नाही. त्यापेक्षा अठरा घरं धरा, तीन-तीन घरांचे सहा गट करा, प्रत्येक गटाला एक वार द्या. झाडांना क्रमांक द्या आणि तो आळ्याजवळच्या दगडावर रंगवा. सोमवारी १ ते १४, मंगळवारी १५ ते २७, बुधवारी २८ ते ४०. गुरुवारपासून पुन्हा पहिल्यापासून. एका घराच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस, फक्त पाच बादल्या येतात. एवढं काम शाळकरी पोरगंसुद्धा आंघोळीआधी करू शकतं. बाहेरगावी जाणाऱ्या घरानं आपला वार शेजारच्या घरी सांगून जायचं, एवढा एकच नियम पुरे.

रविवार सामायिक श्रमदानाचा. मार्चनंतर सकाळी ६ ते ८, त्यापुढे एक मिनिट नाही. पाण्याच्या कॅनसोबत एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. चमचा चहाचा, सपाट भरलेला. डोकं जड झालं, घाम थांबला, की त्या माणसाला लगेच सावलीत बसवा, अंगावर ओला दुपट्टा टाका. बोलण्यात गोंधळ वाटला तर तोंडानं काही पाजत बसू नका, दवाखान्यात न्या.

गटाची वेळापत्रकं शेतीच्या अंगानं बसवा. मृगात पेरणीची घाई, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी-मळणी, त्यामागोमाग कापसाची वेचणी. या दिवसांत श्रमदान ठेवलं की येणारे मोजके लोक न येणाऱ्यांवर रागावतात आणि गट तिथंच फुटतो. त्या काळात फक्त गाजरगवतावर नजर ठेवा. तालुक्यातल्या महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर हिवाळ्यात आपल्या गावी यावं म्हणून प्राचार्यांना दिवाळीआधी पत्र द्या. खोदकामासारखं जड काम त्या मुलांसाठी राखून ठेवा आणि जेवणाची सोय गावानं करावी.

पैसे कमीच लागतात, पण वही पहिल्या दिवसापासून हवी: वर्गणी, खर्च, पावती, दोन सह्या. महिन्यातून एकदा पानाचा फोटो गटावर टाका.

एप्रिल–मे: कुंपण आणि खड्डे

पंधरा माणसांना पुरतील एवढी अवजारं: तीन फावडी, दोन टिकास, एक सब्बल, सहा घमेली, सहा विळे, दोन दंताळी आणि १०० फूट पाइप. दांड्यांवर एकच रंग लावा, म्हणजे घरी गेलेलं फावडं ओळखू येतं.

मलबा उचलताना आणि गवत कापताना पायात गमबूट हवेत. आधी काठीनं चाळवायचं, मगच हात घालायचा. विटांच्या ढिगात विंचू आणि साप हमखास निघतात. साप चावला तर करकचून बांधू नका, चिरू नका, हात-पाय न हलवू देता सरळ ग्रामीण रुग्णालयात.

कुंपणाला तार परवडत नसेल तर बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, लावा. काट्यांचं तोंड बाहेर, बुंधे आत. पावसाळ्यात त्याच रेषेवर सागरगोटा किंवा घायपात लावलं की दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण तयार होतं. शेळी ही पहिल्या वर्षाची खरी शत्रू आहे. फाटकाला कडी नको, आपोआप मिटणारी उतरती बिजागरी बसवा.

खड्डा २ × २ × २ फूट, मे महिन्यात खोदून महिनाभर उन्हात तापू द्या. किडींची अंडी मरतात. कडुनिंब, करंज, चिंच २५ फुटांवर. बेल, सीताफळ, बहावा १२ ते १५ फुटांवर. वड किंवा पिंपळ एकच, भिंतींपासून आणि शौचटाकीपासून किमान ३० फूट दूर. सुबाभूळ टाळा, पुढं आवरत नाही. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. कण्हेर शेळी खात नाही म्हणून लोक लावतात, पण ती विषारी आहे. जिथं लहान मुलं खेळतात तिथं नको.

एक कोपरा क्रिकेटला मोकळा सोडा. पोरांना जागा दिली नाही तर ती रोपांच्या मधून धावणारच, आणि जागा दिली तर तीच पोरं संध्याकाळी शेळ्या हाकलतात.

फिरायची वाट काळ्या मातीवर तशीच ठेवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हात फाटते. पाच फूट रुंद, सहा इंच खोल खोदून मुरूम भरा. २०० फूट वाटेला दाबलेला मुरूम ५०० घनफूट, म्हणजे पाच ब्रास. दबल्यावर बसतो, म्हणून साडेसहा ब्रास मागवा. परवान्याचा मुरूम घ्या, नाल्यातून रात्री उचललेला नको. मधोमध उंच आणि दोन्ही कडांना दोन इंच उतार दिला तरच पाणी साचत नाही.

जुलै: लागवड

पहिल्या सरीला लावू नका. दोन-तीन दमदार पाऊस पडून माती वीतभर खोल ओली झाली की लावा. खड्ड्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा. कच्चं शेण घातलं की उधई (वाळवी) येते. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरा, कारण भारी काळ्या मातीत खड्डा म्हणजे टाकं होतं, पाणी थांबतं आणि मुळं सडतात. रोप दीड-दोन वर्षांचं, तीन फुटांच्या वर, खोड करंगळीएवढं असावं. पिशवी कापूनच काढा, ओढली की मुळांची हुंडी फुटते.

गाजरगवत फुलाआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटा. नुसतं कापलं की पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल हवाच. खाज आणि दम्याचा त्रास होतो. रिकाम्या झालेल्या जागी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही.

पाला जाळू नका

पानगळीचा पाला नाडेप टाक्यात घाला. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची. ‘नाडेप’ ही त्यांच्याच नावाची अद्याक्षरं. विटांचं टाकं १० × ६ × ३ फूट, भिंतींत हवेसाठी भोकं. सहा इंच पाला, त्यावर चार-पाच किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती, असे थर काठाच्या दीड फूट वर येईपर्यंत रचा आणि माती-शेणानं लिंपा. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचतो, तेव्हा पुन्हा भरा. तीन-चार महिन्यांत खत होतं. पाला कमी असेल तर लांबी-रुंदी कमी करा, उंची तीच ठेवा. फुलावर आलेलं गाजरगवत यात घालू नका, बी बागभर पसरतं.

मार्च ते जून

फेब्रुवारीअखेर आळ्यात तीन इंच सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, मात्र खोडाभोवती चार बोटं जागा उघडी ठेवा. कुटार खोडाला टेकलं की उधई वर चढते. दर पंधरवड्याला वरची माती खुरप्यानं हलकी चाळवून भेगा बुजवा. भेग उघडी राहिली तर बादलीचं पाणी तिच्यातून खाली निघून जातं आणि बारीक मुळं तुटतात. वारंवार वाळणाऱ्या रोपाशेजारी दीड फुटावर आठ-दहा लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाच्या बारीक भोकात सुती वात घाला, वर झाकण ठेवा. पाणी भल्या पहाटे किंवा सूर्य कलल्यावर.

मे महिन्यात पानं गळाली म्हणून रोप उपटू नका. नखानं साल खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर पाळी चालू ठेवा, पहिल्या पावसात फुटवा येतो. मेलेल्याच्या जागी जुलैत त्याच क्रमांकाचं नवं रोप लावा. दुसऱ्या उन्हाळ्यात आळं खोडापासून दोन फुटांपर्यंत रुंद करा आणि आठवड्यातून एकदाच दोन बादल्या सोडा, म्हणजे मुळं खोल जातात. तिसऱ्या उन्हाळ्यात कडुनिंब आणि करंजाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी भागतं. त्यातून वाचलेल्या बादल्या कुठल्या नव्या दहा झाडांना द्यायच्या, ते फेब्रुवारीच्या बैठकीत ठरवा.