'आवाज वाढव' म्हणाला की सावध व्हा

शांत खेळ किंवा व्हिडिओ दाखवून अचानक किंकाळीने दचकवायचं, या खोडीला 'स्क्रीमर' म्हणतात. म्हणून कुणी 'काय बे, आवाज वाढव अन् नीट बघ' म्हणाला की आधी हेडफोन काढा, मग खुर्ची मागे घ्या. मी उलटं केलं होतं. नवी पेठेतल्या कॅफेत मित्राने 2003 चा एक चक्रव्यूहाचा खेळ लावून दिला. भिंतीला न लागता माउसने ठिपका न्यायचा, बस. तिसऱ्या पायरीला वाट दोऱ्याएवढी होते, आपोआप नाक स्क्रीनला टेकतं. आणि तेवढ्यात किंकाळी, समोर 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटातल्या भूतबाधा झालेल्या पोरीचं तोंड! अर्धा कप चहा कीबोर्डवर. साफ मीच केला, वर मालकाची बोलणी.

व्हिडिओ असेल तर सोपं: पट्टी शेवटाकडे ओढून बघा. हिरव्या डोंगरातून शांतपणे जाणारी गाडी दिसली, की ती जर्मन कॉफीची जाहिरात, शेवटी भूत. खेळाला पट्टी नसते, तिथे म्यूट.

ही खोडी पसरायची कशी? फसलेलाच पसरवायचा. एकट्याने येडं ठरायला कुणाला आवडतं? मीही पुसलेल्या कीबोर्डवरूनच मामेभावाला ईमेल टाकला. विषय लिहिला: 'डोळ्यांची परीक्षा'.