विंक्सची कारकीर्द आणि वंशावळ: लिहिताना-वाचताना या चुका टाळा

४३ शर्यती, ३७ विजय, सलग ३३ विजय, ग्रुप वन म्हणजे सर्वोच्च दर्जाचे २५ विजय. ऑस्ट्रेलियाची शर्यतीची घोडी विंक्स हिच्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की हे चार आकडे पहिल्या परिच्छेदातच भेटतात, आणि ते बरोबरही आहेत. गोंधळ सुरू होतो त्यानंतर. कुठला आकडा कशाचा, तो कुठे लागू होतो आणि कुठे नाही, याचं भान सुटतं. वंशावळीकडे आलं की तर निम्मं कुटुंबच गायब होतं. इतक्या मोठ्या घोडीबद्दल लिहिताना एवढी काळजी घ्यायलाच हवी, म्हणून हे लिहितो आहे.

३७, ३३ आणि २५ यांची सरमिसळ

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘सलग ३३ ग्रुप वन जिंकल्या’ हे वाक्य. सलग ३३ विजय खरे, पण त्यांतले ग्रुप वन २५. उरलेले आठ खालच्या दर्जाचे. मेळ बसवून पाहायचा तर असा बसतो: कॉक्स प्लेट चार वेळा (२०१५ ते २०१८), चिपिंग नॉर्टन स्टेक्स चार, जॉर्ज रायडर स्टेक्स चार, क्वीन एलिझाबेथ स्टेक्स तीन, जॉर्ज मेन स्टेक्स तीन, टर्नबुल स्टेक्स दोन, आणि क्वीन्सलँड ओक्स, एप्सम, डॉनकास्टर, कॉलफील्ड स्टेक्स व विंक्स स्टेक्स प्रत्येकी एकदा. झाल्या पंचवीस. बाकीच्या आठांत अपोलो स्टेक्स तीनदा, वॉरिक स्टेक्स दोनदा, थिओ मार्क्स आणि चेम्सफर्ड एकेकदा, या सगळ्या ग्रुप टू. आणि जिच्यापासून मालिका सुरू झाली ती मे २०१५ची सनशाइन कोस्ट गिनीज, ग्रुप थ्री.

तुमची बेरीज २५ऐवजी २७ येत असेल, तर बहुधा वॉरिक स्टेक्सने दगा दिलेला असतो. ही शर्यत विंक्सने २०१६ आणि २०१७ साली जिंकली तेव्हा ती ग्रुप टू होती. २०१८ साली तिला विंक्सचंच नाव देण्यात आलं आणि दर्जा वाढवून ग्रुप वन करण्यात आला. त्या वर्षी विंक्स स्वतःच्या नावाच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. तोच तिचा सलग सव्विसावा विजय, म्हणजे ऑस्ट्रेलियाचीच घोडी ब्लॅक कॅव्हियार हिच्या सलग २५ विजयांच्या पुढे नेणारा. आजचा दर्जा पाहून आधीचे दोन विजयही ग्रुप वनमध्ये टाकले की हिशेब बिघडतो. हा नियम कुठल्याही घोड्याला लावा: शर्यतीचा दर्जा ती धावली त्या वर्षीचा धरायचा.

दुसरं टोक म्हणजे पहिल्या दहा शर्यती विसरणं. ४३मधून ३३ वजा केल्या की दहा उरतात. त्यांत चार विजय, तीन वेळा दुसरा क्रमांक आणि तीन वेळा त्याहूनही मागे. सलग विजयांची मालिका सुरू होण्याआधीची शेवटची हार एप्रिल २०१५मधली, ऑस्ट्रेलियन ओक्समध्ये, गस्ट ऑफ विंडकडून. ‘कधीच न हरलेली’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे बहुतेक वेळा ब्लॅक कॅव्हियारची ओळख विंक्सला चिकटवलेली असते. २५ शर्यतींत २५ विजय हा विक्रम ब्लॅक कॅव्हियारचा. मला स्वतःला ते सहा पराभव फार महत्त्वाचे वाटतात. ट्रेनर ख्रिस वॉलर यांनी या घोडीला वेळ दिला. तीन वर्षांची असताना ती चांगली होती, अजोड नव्हती. ते पराभव काढून टाकले तर तिच्या चढणीची गोष्टच उरत नाही.

‘जागतिक विक्रम’ हा शब्दही जपून वापरा. हंगेरीची किंचेम ५४ शर्यती धावली आणि ५४ जिंकली, तीही १८७०च्या दशकात. पोर्तो रिकोच्या कामारेरोने १९५०च्या दशकात सलग ५६ जिंकल्या. विंक्सचे ३३ विजय आधुनिक काळातल्या सर्वोच्च पातळीवरचे आहेत, आणि तिचं मोठेपण तेवढ्यातही पूर्ण मावतं.

झेन्याटाला तिची सावत्र बहीण म्हणणं

अमेरिकेची झेन्याटा २० शर्यतींत १९ जिंकली. २००९ साली ब्रीडर्स कप क्लासिक जिंकणारी ती पहिली मादी. तिचा बाप स्ट्रीट क्राय. विंक्सचाही बाप स्ट्रीट क्राय. मग लगेच ‘दोघी सावत्र बहिणी’ असं लिहिलं जातं.

थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात; तिच्या जगात भावंडं मोजायची ती आईकडून. त्यामागे साधा हिशेब आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे तिला वर्षाला फार तर एक शिंगरू. पूर्ण आयुष्यात दहा-बारा झाली तरी भरपूर. उलट नावाजलेला वळू (पैदाशीचा घोडा) एका हंगामात शंभराहून अधिक माद्यांकडे जातो. स्ट्रीट क्राय तर उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही गोलार्धांत वापरला गेला, म्हणूनच झेन्याटा एप्रिलमध्ये जन्मली आणि विंक्स सप्टेंबरमध्ये. बाप एक असलेली सगळीच भावंडं मानली, तर २००७चा केंटकी डर्बी विजेता स्ट्रीट सेन्स आणि २००९चा मेलबर्न कप विजेता शॉकिंग हेही विंक्सचे भाऊ ठरतील आणि नात्याला काही अर्थच उरणार नाही.

खरी सावत्र भावंडं पाहायची असतील तर अर्बन सीकडे पाहा. फ्रान्समधली १९९३ची आर्क द त्रियोंफ ही शर्यत जिंकणारी ही घोडी. तिचा एक मुलगा गॅलिलिओ, इंग्लंडच्या २००१च्या डर्बीचा विजेता, बाप सॅडलर्स वेल्स. दुसरा सी द स्टार्स, २००९चा डर्बी आणि आर्क विजेता, बाप केप क्रॉस. बाप वेगळे, आई एक: हे सावत्र भाऊ. विंक्स आणि झेन्याटा यांच्याबद्दल ‘एकाच वळूच्या दोन मुली’ इतकंच लिहावं.

आईचं नाव गाळणं

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. चॅम्पियन घोडीवर पानभर लिहायचं, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं कौतुक करायचं आणि जिने तिला जन्म दिला तिचा उल्लेख एका स्वल्पविरामात उरकायचा.

विंक्सची आई वेगास शोगर्ल. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, अल अकबर या वळूची मुलगी, स्वतः शर्यती जिंकलेली. तिची आई वेगास मॅजिक, आणि तिच्याही मागे वेगास स्ट्रीट. या घराण्यात झगमगती नावं नाहीत, म्हणून लिहिणारे ते टाळतात आणि थेट स्ट्रीट क्राय, त्याचा बाप माकियाव्हेलियन, त्याचा बाप मिस्टर प्रॉस्पेक्टर अशी वरची ओळ चढत जातात. पण पणज्या-पणजोबांच्या पिढीत आठ पूर्वज असतात आणि मिस्टर प्रॉस्पेक्टर हा त्या आठांतला एक. वरच्या ओळीचं तेज कितीही असलं तरी बाकीचे सात कुठे जात नाहीत.

शिवाय बापाच्या बाजूलाही माद्या आहेतच. स्ट्रीट क्रायची आई हेलन स्ट्रीट ही १९८५ची आयरिश ओक्स विजेती. तिची दुसरी मुलगी हेल्सिंकी, स्ट्रीट क्रायची सख्खी बहीण, पुढे शमार्डलची आई झाली. शमार्डल अव्वल दर्जाचा घोडा आणि नंतर तितकाच मोठा वळू. म्हणजे स्ट्रीट क्रायची ताकद कुठून आली हे विचारायचं असेल तर माकियाव्हेलियनइतकंच हेलन स्ट्रीटकडेही पाहावं लागतं.

इथे आणखी एक सापळा आहे. ब्लॅक कॅव्हियारच्या आईचं नाव हेलसिंगे. हेल्सिंकी आणि हेलसिंगे ही दोन नावं घाईत एकच वाटतात आणि मग ब्लॅक कॅव्हियार शमार्डलची बहीण होऊन बसते. हेलसिंगे डेझर्ट सन या वळूची मुलगी, तिची आई स्कँडिनेव्हिया. हेल्सिंकीशी तिचं हे नातं नाही. नाव ओळखीचं वाटलं की आधी त्याच्या आईबापाचं नाव जुळवून पाहायचं. तेवढ्याने बहुतेक गल्लती सुटतात.

३×३ चुकीच्या जागी लावणं

माकियाव्हेलियनची आई कू द फोली. तिचा बाप हेलो. हेलोची आई कॉस्मा. कॉस्माची आई अलमहमूद. कू द फोलीची आई रेज द स्टँडर्ड. तिची आई नताल्मा. नताल्माची आईही अलमहमूद. म्हणजे कू द फोलीच्या वंशावळीत अलमहमूद ही घोडी दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत येते. हेच ३×३. नताल्मा म्हणजे नॉर्दर्न डान्सर या अत्यंत प्रभावी वळूची आई, त्यामुळे हे घराणं किती मोलाचं ते वेगळं सांगायला नको.

चूक अशी होते की हा ३×३ उचलून विंक्सच्या नावापुढे लावला जातो. विंक्सपासून मोजलं तर या दोन वाटांनी अलमहमूद सहाव्या पिढीत जाते, म्हणजे पाच पिढ्यांच्या तक्त्यात दिसतही नाही. आणि या दोन्ही वाटा तिच्या बापाकडूनच येतात. एखाद्या जनावराचं आंतरप्रजनन मोजायचं तर तो पूर्वज आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंना असावा लागतो. एकाच बाजूला दोनदा आला, तर ते त्या बाजूच्या पूर्वजाचं आंतरप्रजनन झालं, त्या जनावराचं नव्हे.

वय

विंक्सचा जन्म १४ सप्टेंबर २०११. ऑस्ट्रेलियात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ ऑगस्टला, उत्तर गोलार्धात १ जानेवारीला. त्यामुळे ऑक्टोबर २०१५मध्ये पहिली कॉक्स प्लेट जिंकली तेव्हा ती चार वर्षांची आणि एप्रिल २०१९मध्ये सिडनीच्या रँडविक मैदानावर क्वीन एलिझाबेथ जिंकून निवृत्त झाली तेव्हा सात वर्षांची. तुमचं उत्तर एका वर्षाने चुकत असेल तर तुम्ही जानेवारी धरलेला असणार.

वजन, वेळ आणि अंतर

घोड्याने वाहायचं वजन ज्यांत त्याच्या वयावरून ठरतं त्या शर्यतींत ऑस्ट्रेलियात माद्यांना नरांपेक्षा दोन किलो कमी वजन मिळतं. २०१६च्या कॉक्स प्लेटमध्ये विंक्सवर ५७ किलो होते, दुसऱ्या आलेल्या हार्टनेलवर ५९. काही जण ही सवलत पूर्ण विसरतात, तर काही जण तिच्याच जोरावर विजय कमी लेखतात. त्या दिवशी ती आठ लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) जिंकली होती; दोन किलोंनी एवढा फरक पडत नाही. ज्यांना सवलतीबद्दल शंका आहे त्यांनी २०१६ची डॉनकास्टर पाहावी. ती हँडिकॅप शर्यत, म्हणजे चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन चढवायचं. ५६.५ किलो घेऊन, १६०० मीटर, मोठ्या घोळक्यातून ती जिंकली.

२०१८च्या जागतिक क्रमवारीत ती १३० गुणांवर इंग्लंडच्या क्रॅक्समनबरोबर अव्वल होती. त्या गुणांत माद्यांची सवलत मिळवलेली नसते. नराशी तुलना करताना हे सांगितलं नाही तर अन्याय होतो.

वेळेचं तर विचारूच नका. २०१७ची कॉक्स प्लेट तिने २ मिनिटं २.९४ सेकंदांत, मेलबर्नच्या मूनी व्हॅली मैदानाच्या विक्रमी वेळेत जिंकली, पण ह्युमिडॉर जेमतेम अर्धी लांबी मागे होता. वेळ विक्रमी असली म्हणून वर्चस्वही सर्वांत मोठं असं नसतं. मैदान किती ओलं आहे आणि पुढच्या घोड्याने सुरुवातीला किती वेग ठेवला यावर वेळ ठरते. मूनी व्हॅलीचा शेवटचा सरळ पट्टा तेव्हा फक्त १७३ मीटरचा होता. मागून येणाऱ्या घोडीला तिथे वळणाआधीच वेग घ्यावा लागायचा. म्हणून तिथली वेळ रँडविकच्या वेळेशेजारी मांडण्यात काही अर्थ नाही.

बक्षिसाची रक्कम

२.६ कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर. नुसतं ‘डॉलर’ लिहू नका. आणि जुन्या घोड्यांच्या कमाईशी तुलना तर अजिबात नको, कारण बक्षिसंच अनेक पटींनी वाढली आहेत.

आई म्हणून घाईने निकाल देणं

२०२०मध्ये विंक्सचं पहिलं शिंगरू, आय अॅम इन्व्हिन्सिबलपासून झालेली मादी, वाचलं नाही. २०२२मध्ये पिएरोपासून तिला मुलगी झाली आणि एप्रिल २०२४मध्ये सिडनीच्या लिलावात तिची किंमत एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली. विंक्स स्वतः २०१३च्या लिलावात २,३०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली होती. किंमत ही आईच्या नावाची आणि खरेदीदाराच्या इच्छेची असते, धावण्याची नव्हे. म्हणून एक कोटीच्या आधारे ‘पुढची विंक्स’ लिहिणंही चूक, आणि मुलीने आईसारखं केलं नाही तर ‘विंक्स आई म्हणून अपयशी’ लिहिणंही चूक.

ट्रॅकवरची कर्तबगारी आणि पैदाशीतलं यश हे वेगवेगळे गुण आहेत. अर्बन सीकडे दोन्ही होते. हासिली या घोडीने एकही ग्रुप शर्यत जिंकली नाही, तरी तिच्या पाच अपत्यांनी ग्रुप वन दर्जाच्या शर्यती जिंकल्या. थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतन चालत नाही आणि गर्भ दुसऱ्या घोडीत वाढवणंही चालत नाही; त्यामुळे वर्षाला एक शिंगरू ही मर्यादा विंक्सलाही आहेच. तिच्याबद्दल आई म्हणून काही म्हणायचं असेल, तर निदान चार-पाच शिंगरं शर्यतीच्या वयाला येईपर्यंत थांबावं लागेल.