इम्प्लांट काढल्यावर मुंग्या आणि चटके येतात तेव्हा
स्तनात बसवलेलं इम्प्लांट (कृत्रिम पिशवी) काढून महिने झाले तरी छातीत मुंग्या, मधेच करंट बसल्यासारखं, ब्लाउजचं कापड लागलं तरी चटका, हे होतं कारण दुखावलेली नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, घाई करून काही उपयोग नाही. टाके पूर्ण भरले की डॉक्टरांना विचारून आधी कापसाने, मग सुती रुमालाने, मग टॉवेलने त्या जागी हळू फिरवायचं, दिवसातून तीन-चारदा दोन-तीन मिनिटं, म्हणजे त्वचेला स्पर्शाची सवय होते. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं कळतच नाही! गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याचं औषध) चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. आणि ताप, लाली किंवा एकाच बाजूला नवी सूज आली तर थेट सर्जनकडे.