सर्फिंग शिकताना काठावर परत कसं यायचं

दमल्यावर परत येताना बोर्डवर उभं राहायचा हट्ट नको. पोटावर झोपा, छातीजवळ दोन्ही कडा घट्ट धरा आणि फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर सरळ किनाऱ्याकडे या. बोर्डचं टोक पाण्यात घुसू लागलं तर अंग चार बोटं मागे सरकवा.

पाणी गुडघ्याएवढं झालं की उतरा. त्याहून उथळ पाण्यात फिन (बोर्डच्या तळाची पाती) वाळूत रुततात, बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. उडी नको, सूर तर मुळीच नको. बाजूने पाय सोडा.

नवख्यांना मार बसतो तो बहुधा यानंतर, चालताना. बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा आला की लाट तो तुमच्याच अंगावर आपटते. तो शेजारी, टोक लाटेकडे करून धरा आणि दर दोन-चार पावलांनी मागे बघा. लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) कोरड्या वाळूवर आल्यावरच सोडा.

हात मारूनही किनारा जवळ येत नसेल तर तुम्ही ओढीत, म्हणजे समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहात आहात. तिच्याशी झुंजू नका. काठाला समांतर, लाटा फुटतायत त्या बाजूला सरका. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. बोर्ड सोडून पोहत निघणं ही सगळ्यात वाईट कल्पना.